जव्हारहून एकच उत्तर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझी पेटी, पडदा आणि कळफलक वेगवेगळ्या ठिकाणी बनले आणि नाशिकच्या एका दुकानात त्यांची जुळणी केली गेली. २००६ साली उमेशने मला एसटीत मांडीवर घेऊन जव्हारला आणले आणि बाजारात इंटरनेटचे दुकान थाटले. येणाऱ्याजाणाऱ्याला इंटरनेट देणारा गावात तेव्हा मी एकटाच होतो.

दहावीचे निकाल मी दाखवले, नोकरीचे अर्ज पाठवले. वीज गेली की लोक मला शिव्या देत, आली की कौतुक करत. मी दोन्ही ऐकून घेई.

एकदा मुंबईच्या एका संस्थेने इंटरनेटवर आवाहन केले. मुलांच्या ऐकण्यावर संशोधन करायला त्यांना ठिकठिकाणचे पालक हवे होते. प्रश्नांची उत्तरे द्यायची, आणि ज्या मुलाला ऐकू येत नसेल त्याला तपासून कानाचे यंत्र फुकट मिळणार होते. साखरशेतच्या शाळेतल्या प्रतिभाबाईंनी ते वाचले. भातकापणी उरकून त्याच गावातली माघी मोकळी झाली, तेव्हा उत्तरे पाठवण्याचा शेवटचा दिवस उजाडला होता. बाई तिला घेऊन आल्या. माघीची चार वर्षांची भागी मागून हाक मारली तरी वळत नसे.

बाईंनी नाव टाकताच पडद्यावर उमटले, ‘या संगणकावरून उत्तर आले आहे. एका व्यक्तीला एकच संधी.’

“कोणी भरलं हे?” बाईंनी विचारले.

उमेश चाचरला. “मीच, बाई. चालतं का बघत होतो. पोरगं आहे, चांगलं ऐकतं, असं ठोकून दिलं. माझं तर लग्नही झालेलं नाही.”

“बाई, त्याला सांगा ना, मी आताच आलीय,” माघी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “माझी पोर आयकत नाय.”

एक संगणक म्हणजे एक माणूस, असे मुंबईत कोणीतरी ठरवले होते. एका संगणकावर अख्खा तालुका बसतो, हे त्यांच्या डोक्यातच आले नसावे. बाईंनी संस्थेला फोन लावला, तो कोणी उचलला नाही. दुसरा संगणक गाठावा, तर नाशिकची गाडी निघून गेली होती. मला वाईट वाटले.

पुढे संस्थेचा अहवाल आला, तो बाईंनी माझ्यावरच उघडला. जव्हार भागातून एक पालक. मुलाचे ऐकणे उत्तम. उमेश उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

आता दुकानात नवा संगणक आहे आणि मी कोपऱ्यात पडून आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कोणी काही विचारले, तर गंमत म्हणून उत्तर देऊ नका. ती जागा दुसऱ्या कोणाची तरी असते.

भागी यंदा पहिलीत गेली. प्रतिभाबाई हजेरी घेतात तेव्हा शेजारची मुलगी तिला कोपराने ढोसते, मग ती उभी राहते.