जावेच्या शेतातली राख

त्या उंचीवरच्या गावात उन्हाळा पाहुण्यासारखा येतो, बूड टेकलं न टेकलं की निघाला. म्हणून तिथली माणसं त्याची वाट बघत बसत नाहीत. हिवाळा सरत आला की शेतातल्या बर्फावर चुलीतली राख पसरतात. काळ्या राखेवर ऊन तापतं, बर्फ पंधरा दिवस आधी वितळतो आणि पेरणी वेळेत होते.

तिथल्या एका घरच्या धाकट्या सुनेचा जव गेल्या वर्षी दाणा भरायच्या आतच थंडीने मारला होता. यंदाही तसंच झालं तर पोरांच्या तोंडात काय घालायचं, हा तिला घोर. म्हणून हिवाळाभर तिने राखेवर असा पहारा ठेवला, की भांडी घासायलासुद्धा कोणाला चिमूटभर मिळाली नाही.

"सोनं जपतेस की राख?" नवरा म्हणायचा.

"सोनं टाकून बर्फ वितळत नाही," ती म्हणायची.

ऊन तापू लागलं तशी ती पाठीवर राखेची पोती घेऊन निघाली. बांध, वाटा, सगळंच कमरेएवढ्या बर्फाखाली. नवऱ्याचा पाय मुरगळलेला, त्यामुळे तो खिडकीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. "खाली! अजून खाली! हां, तिथेच!" तीन दिवस मरमर मरून तिने चौदा पोती पसरली.

बाराव्या दिवशी बर्फ उतरला, बांधाचे दगड वर आले आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. शेत थोरल्या जावेचं होतं! तिचं स्वतःचं शेत पलीकडे पांढरंशुभ्र, आणि घरात राख मूठभरही उरलेली नाही.

"मी आपलं अंदाजानं सांगत होतो," नवरा म्हणाला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याचा चांगला पायही दुखायला लागला.

थोरली विधवा, एकटी राहणारी. वाटणीत एका तांब्याच्या हंड्यावरून दोघींचं बिनसलं आणि तेव्हापासून दोन वर्षं अबोला. पण पीक हातचं जाऊ लागल्यावर कसला अबोला! धाकटी तरातरा गेली. थोरली बांधावरच बसली होती.

"बरंय हो, आयत्या बिळावर नागोबा! तुमचं घर या शेतासमोर. मी चुकतेय हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की. पहिल्याच दिवशी."

"आणि मूग गिळून बसलात?"

थोरलीने खाली बघत दगडावरची माती झटकली. "हिवाळाभर दारापुढे माणूस फिरकलं नव्हतं गं. हाक मारली असती तर तू निघून गेली असतीस."

घरून जुळवून आणलेलं भांडण धाकटी विसरूनच गेली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन शेतं पलीकडे राहायचं, आणि या बाईने खिडकीतून तीन दिवस आपली पाठ बघत काढले!

"तुझा जव इथे पेर," थोरली म्हणाली. "माझा वाटाणा लवकर तयार होतो, उशिरा पेरला तरी चालतो. तुझं शेत उघडलं की तो तिकडे टाकीन."

धाकटीने राखेचे डाग अजून न गेलेल्या बाहीला नाक पुसलं आणि तिच्याशेजारी बांधावर बसली.

"पुढच्या वर्षी हाक मारा, जाऊबाई," ती म्हणाली. "मी चुकले नाही तरी मारा."