काही नसल्याचा कागद

चार महिन्यांत हरणाबाई मुरुमच्या दवाखान्यात नवव्यांदा आली होती. बरगडीखालून गोळा उठे, घशाशी येऊन अडके, बोटांना मुंग्या येत आणि आता जीव जातो असं वाटे. डॉक्टरांनी रक्त, लघवी, छाती सगळं तपासलं होतं. शेवटी सोलापूरला धाडून एक्स-रेचा फोटो काढून घेतला होता. आज त्याचा निकाल होता.

"आलीस? माझ्याहून तुझीच हजेरी जास्त भरती बघ हितं," कंपाउंडर कल्याणप्पा म्हणाला. "बाटली तरी धुवून आणलीस का?"

"धुतलीया, मामा."

एरवी ती हसली असती. आज मागं सासू उभी होती, कोंडाबाई.

कोंडाबाई वाईट नव्हती, हीच पंचाईत होती. गोळा उठला की सुनेचे तळवे चोळायला तीच बसे. थोरली सून नागूबाई दोन वर्षांपूर्वी झटके येऊन पडायची. तिलाही कोंडाबाईनं मायेनंच ओढ्यापलीकडच्या देवऋष्याकडं नेलं. त्यानं तापल्या विळ्यानं कपाळावर आणि जिभेवर डाग दिले. झटके थांबले, बोलणंही थांबलं. आता नागूबाई भाकरी थापते, गुरांना पाणी पाजते, हाक मारली की नुसती बघते. कोंडाबाईच्या लेखी ती बरी झाली होती.

पुढं त्याच देवऋष्याच्या हातून एक बाई दगावली आणि फौजदार येऊन गेला. तेव्हापासून तो दवाखान्याचा कागद पाहिल्याशिवाय कुणाला हात लावीत नसे. दुखणं सापडलं नाही, असं डॉक्टरनं लिहिलेलं पाहिजे. दवाखान्याचं नाही ते बाहेरचं. डाग तो अमावास्येलाच देई, आणि अमावास्या पाच दिवसांवर होती.

डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बाई, एकदम स्वच्छ आहे. काही म्हणजे काही नाही. भिऊ नका."

हरणाबाईनं वळून सासूकडं पाहिलं.

"तेवढं कागदावर लिवून द्या, डागदरसाहेब," कोंडाबाई म्हणाली. "घरच्यांच्या जीवाला घोर हाय."

डॉक्टर नवे होते. त्यांनी आनंदानं दोन ओळी लिहून दिल्या. कोंडाबाईनं कागदाची घडी पदराच्या गाठीत बांधली. गाठ आवळलेली दिसली तेव्हा हरणाबाईला वाचा फुटली.

"साहेब, तो कागद माघारी घ्या. माझ्या जिभेला डाग देत्याल."

डॉक्टरांनी कोंडाबाईकडं पाहिलं. तिनं काही लपवलं नाही, सगळं सांगितलं. "थोरलीला गुण आला, साहेब. हिला तसंच सोडू व्हय?"

"द्या तो कागद," डॉक्टरांनी हात पुढं केला.

"का? लिवलेलं खोटं हाय?"

डॉक्टरांनी हात मागं घेतला. खोटं नव्हतंच.

"आवो, शिक्का ऱ्हायला की त्यावर," कल्याणप्पा दारातून म्हणाला. "बिनशिक्क्याचा कागद कोण इचारतंय?"

कोंडाबाईनं गाठ सोडली. डॉक्टरांनी त्याच कागदावर खाली लिहिलं, शिक्का मारला आणि वाचून दाखवलं. तपास पुरा झालेला नाही. बाईला दर बुधवारी दाखवायला आणावं. कुणी डाग दिल्यास फौजदाराला कळवलं जाईल.

"माझ्या हाती लागलं नाही, म्हणजे दुखणं नाहीच असं नव्हे," ते म्हणाले. "बुधवारी या. बरं वाटलं तरी या."

कोंडाबाईनं होकाराची मान हलवली. कागद मात्र घेतला नाही.

गाडी गावाच्या वाटेला लागली. महारुद्र, हरणाबाईचा नवरा, पुढं बैल हाकत होता. कोंडाबाईनं सुनेचे पाय मांडीवर घेतले आणि तळवे चोळू लागली.

"भिऊ नको, पोरी. म्या तुला अशी मरू देणार न्हाय. उमरग्याच्या अंगाला दुसरा एक देवऋषी हाय म्हणं. त्याला कागद लागत न्हाय."

महारुद्रानं मागं वळून पाहिलं आणि पुन्हा बैल हाकले.

बरगडीखाली गोळा हलला. वर सरकत घशाशी आला. हरणाबाईनं दात आवळले, मुंग्या आलेली बोटं पदराखाली घेतली आणि श्वास सावकाश सोडला.

"दुखतंय का गं?"

"न्हाय, आत्याबाई. लई बरं वाटतंय."

कोंडाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली.