बाकावरचा गलका

मित्रांनो, मी एक जुना आडोसा आहे. तीन लोखंडी चौकटी, त्यांत ताणून बसवलेले हिरवे कापड आणि खाली चाके. एका शिवणकामाच्या कारखान्यात, कामगारांच्या दवाखान्यात माझे आयुष्य गेले. दवाखाना कसला, कोठाराचा एक कोपरा. माझ्या एका बाजूला डॉक्टरांचे टेबल आणि तपासायचा पलंग. दुसऱ्या बाजूला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, खोळंबलेल्या लोकांचा बाक.

माझे कापड याच कारखान्यात शिवले गेले. शिवणाऱ्या बाईने कडेला दुहेरी टीप घातली आणि म्हणाली, "घ्या, आता कुणाचं काही दिसायचं नाही." दिसायचे नाही, हे खरेच होते. ऐकू येण्याचे काय, हे तिलाही सुचले नाही आणि मलाही.

डॉक्टर वयस्कर होते. हाताला गुण होता, पण कान गेलेले. ते मोठ्याने विचारत आणि समोरच्यालाही मोठ्यानेच सांगावे लागे. ज्याचे दुखणे त्याच्यापाशी राहावे, एवढी साधी गोष्ट तिथे अवघड होती.

पण बाकाने त्यावर तोड काढली होती. आत कोणी गेले की बाहेर गलका सुरू होई. त्यात इस्त्रीवाले काका पुढे.

"काय हो मास्तर," ते कापड कापणाऱ्या मास्तरांना म्हणत, "धार जास्त कशाला? तुमच्या कात्रीला की तुमच्या जिभेला?"

"माझी कात्री निदान मधूनमधून गप्प बसते. तुमची इस्त्री तुमच्यासारखीच, उगाच तापते!"

मग सारा बाक हसे, भांडे, जावयांची उणीदुणी काढी. नव्याने कामाला लागलेल्या एका बाईने एकदा विचारले, "काका, इथं एवढं ओरडता कशाला?"

काका खाली वाकून म्हणाले, "आतल्या माणसाला काय झालंय ते तुला ऐकायचंय? नाही ना? मग तूही ओरड."

तीही ओरडू लागली. हे कोणी ठरवलेले नव्हते. पण त्या गलक्याच्या आधाराने माणसे आत मोकळी होत. कुणाचा घरचा मार, कुणाची न सुटणारी दारू, कुणाचे मूल न राहणे. सगळे माझ्या कापडात जिरत गेले.

त्यांतच एक होती काज करायच्या मशीनवरची बाई. तिला सगळे काजवाली म्हणत. तिचे मन मध्यंतरी आजारी पडले होते. काही दिवस ती इस्पितळात राहिली, आणि बहिणीचे बाळंतपण होते असे तिने सर्वांना सांगितले. आता ती बरी होती. महिन्याच्या महिन्याला डॉक्टर तिला तपासत आणि सिस्टर तिला गोळ्यांची पुडी देत. काम इतके नेटके, की तिच्या लाइनची सुपरवायझर तिलाच करायचे ठरत आले होते.

अशात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, टापटिपीचा होता. गलका ऐकून ते दारातच थबकले.

"हा दवाखाना आहे की बाजार?"

"साहेब," काका उठून म्हणाले, "ते आतल्या माणसाला बरं पडतं."

"आजाऱ्याला गोंगाट बरा पडतो? काहीतरीच काय!"

काका परत बाकावर बसले. खरे कारण सांगायचे, तर आतले सगळे बाहेर ऐकू येते हेही सांगावे लागले असते. भिंतीवर पाटी लागली, 'शांतता राखा'. बाकाशेजारी रखवालदार उभा राहू लागला.

त्यानंतर काजवाली आत आली, तेव्हा बाक भरलेला होता आणि कोणी खोकतसुद्धा नव्हते.

"काय गं, डोक्याच्या गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांनी नेहमीच्या आवाजात विचारले.

ती मान हलवून हो म्हणाली.

"आणि ते इस्पितळातले विचार? जिवाचं बरंवाईट करायचे? ते आता येत नाहीत ना?"

सिस्टरनी हातातली पत्र्याची थाळी खाली टाकली. मोठा आवाज झाला. पण बोलणे होऊन गेले होते.

काजवाली बाहेर आली. बाकावरच्यांनी सरकून तिला जागा करून दिली. नेहमीपेक्षा जास्तच जागा करून दिली. ती बसली नाही.

काही दिवसांनी साहेबांनी तिला याच खोलीत बोलावले. तेव्हा इथे दुसरे कोणी नव्हते.

"सुपरवायझरचं राहू दे. काजाचं मशीनही नको. कोपऱ्यात बसून धागे तोडत जा. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

"माझं एखादं काज चुकलंय का, साहेब?"

"तसं काही नाही."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अगं, आता ते सगळ्यांनाच माहीत आहे," साहेब म्हणाले. त्यांना त्यात काही वावगे वाटले नसावे.

ती गेली. रडली नाही. मी जागच्या जागी उभा होतो.

हळूहळू बाक रिकामा पडू लागला. पोट दुखले तरी लोक येईनात. साहेब खूश झाले. "पाहिलंत ना, कारखाना किती ठणठणीत झाला!" डॉक्टर वर्तमानपत्र वाचत बसत. सिस्टर गोळ्यांची पुडी घेऊन धागे तोडायच्या कोपऱ्याकडे गेल्या आणि तशाच पुडीसकट परत आल्या. "इथं नको, लोक बघतायत, असं म्हणाली," त्यांनी डॉक्टरांना दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा त्यांना ऐकू गेले.

मग काजवाली कामावर यायचीच थांबली आणि एके दिवशी तिची थोरली बहीण आली. तिचा डबा आणि चपला न्यायला.

"कशी आहे?" सिस्टरनी विचारले.

"भिंतीकडे तोंड करून पडून असते."

"परत येईल ना कामावर?"

"विचारलं होतं. म्हणाली, ताई, तिथं आता माझं असं काही उरलंच नाही."

बहीण डबा घेऊन गेली. तपासायला कोणी येईना, म्हणून मला घडी घालून कपाटामागे ठेवले गेले. त्याचे मला फारसे काही वाटत नाही. फार काही वाटावे असे कापडाला असतेही काय?

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठेतरी कामाला लागाल. शेजारच्या माणसाचे दुखणे कधीतरी तुमच्या कानावर पडेलच. कानांना पापण्या नसतात. पडले तर पडू द्या. पण ते तिथेच ठेवा. आणि कधी साहेब झालात, तर ते कानावर आले म्हणून तुमच्या मालकीचे झाले, असे समजू नका.

तिचे नाव मला ठाऊक आहे. डॉक्टर ते दर महिन्याला मोठ्याने पुकारत. तुम्हाला मी ते सांगितलेले नाही. तुम्हीही विचारू नका.