स्टॉलचं औषध

मी टॉर्क कन्व्हर्टर बोलतोय. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसतो तो, तेलाने भरलेला, भोपळ्याएवढा लोखंडी डबा. माझ्यामुळे काय घडलं ते सांगतो.

माझा जन्म शर्यतीच्या गाडीसाठी झाला. माझे साधे भाऊ इंजिन जरा फिरलं की चाकांना ताकद देतात. मी पडलो हाय स्टॉल. इंजिन पुरतं गरजेपर्यंत मी ताकद अडवून धरतो आणि मग एकदम सोडतो. शर्यतीत या स्वभावाचं कौतुक झालं. पुढे त्या गाडीचा चुराडा झाला नि मी जुन्या सामानाच्या दुकानात, साध्या भावांच्या ढिगात येऊन पडलो.

एके दिवशी तिथे एक दादा आला. त्याच्या बहिणीची गाडी सिग्नलला थांबली की बंद पडायची. मिस्त्रीने दुसरा कन्व्हर्टर आणायला सांगितलं होतं. दुकानदार मला पुसत म्हणाला, "हा हाय स्टॉल आहे हं."

"मग हाच द्या!" दादा खूश. "आमची गाडी सारखी स्टॉल होते. खोकल्याचं औषध असतं ना, तसं हे स्टॉलचं. आणि हाय म्हणजे एकदम जालीम!"

मी चाटच पडलो. अहो, माझ्या नावातला स्टॉल म्हणजे बंद पडणं नव्हे, मी इंजिनाला फेऱ्यांच्या कुठल्या आकड्यापर्यंत अडवतो ते! पण लोखंडाला कोण विचारतो? दादाने नमुन्याला आणलेला जुना कन्व्हर्टर तिथेच टाकला, त्यामुळे मिस्त्रीला शेजारी ठेवून बघायला काही उरलं नाही. भोकं जुळली, दाते जुळले, त्याने मला बसवून टाकलं. मी दोन इंच लहान होतो, हाय स्टॉलची हीच खूण, पण ते त्याने मोजलंच नाही.

दोन दिवस गाडी सिग्नलला बंद पडली नाही. "बघ, पडते का?" म्हणत दादा मिरवत होता.

दादाची ही बहीण, ताई, शिवणकाम करते. वीस वर्षं तिचा पाय मशीनच्या पायडलवर आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी बाहेर काढत होती. बाबा गेटात समोर उभे राहून "ये, ये, येऊ दे" म्हणत होते. चाक गेटाच्या उंचवट्याला अडलं. ताईने हलकेच पाय दाबला. गाडी हलेना. तिने आणखी दाबला. आणि मी धरून ठेवलेलं सगळं सोडलं.

गाडीने उडी मारली. बाबा पडले. मांडीचं हाड मोडलं. त्यांची ती किंकाळी मला अजून ऐकू येते.

"ब्रेक समजून भलतीकडे पाय गेला," येणारेजाणारे गाडीशी उभे राहून म्हणायचे. "पाय गेला असेल चुकून," दादाही म्हणाला. ताई एकदाच म्हणाली, "नाही रे, मी हळूच दाबला होता." मग तेही म्हणेनाशी झाली. गेटाजवळच्या खोलीतल्या मशीनचा आवाज बंद पडला. स्वतःच्या पायावरचा तिचा विश्वासच उडाला होता. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक, आणि मी मुका!

तीन आठवड्यांनी दादाने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईकाला दाखवण्याआधी मिस्त्रीने तपासायला घेतली. ब्रेक गच्च दाबून त्याने अॅक्सिलरेटर दिला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांशी थांबायला हवा होता. तो साडेतीन हजारांवर गेला. मिस्त्रीने मला उतरवलं आणि मापाची टेप लावली: दोन इंच कमी!

त्याच दुपारी मला पिशवीत घालून तो ताईच्या घरी आला. बाबांच्या पलंगाजवळच्या स्टुलावर मला ठेवून म्हणाला, "ताई, तुमचा पाय बरोबर होता. चूक या डब्याची निवड करणाऱ्याची, आणि न मोजता बसवणाऱ्या माझी."

दादा भिंतीला टेकला.

हे आत्ताच घडलंय. मी अजून त्याच स्टुलावर आहे. लोकहो, मला जरूर न्या, शर्यतीत पळवा, पण आधी टेप लावा, आकडा विचारा. कळला नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका.

बाबांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग ताईला म्हणाले, "पोरी, तीन आठवडे मी तुला रोज माफ करत होतो गं. कशाबद्दल?"