दुसरीच्या वर्गाबाहेर

माझ्या आत्याला सगळं गाव अजून 'मोठ्या बाई' म्हणतं. शाळेतून निवृत्त होऊन तिला जमाना झाला, तरी कोपऱ्यावरचा भाजीवाला ती दिसली की सिगारेट पाठीमागे लपवतो. त्याला स्वतःला नातवंडं आहेत. पण धाक तो धाक.

मी तिच्याच घरात वाढले, तिच्याच शाळेत शिकले आणि आता त्याच शाळेत दुसरीला शिकवते. म्हणजे माझा सगळा जन्म तिच्या नजरेच्या टप्प्यात गेला, असं माझा नवरा म्हणतो. तो शिंपी आहे, त्याला प्रत्येक गोष्टीचं माप काढायची खोड आहे.

यंदा आमचे हेडसर निवृत्त होणार होते. संस्थेच्या लोकांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, खुर्ची तुमचीच आहे, पण आता शैक्षणिक प्रशासनातली मास्टर्स पदवी लागते. तुम्ही ती करणार असाल तर तोवर गणिताचे सर कारभार बघतील. नाहीतर बाहेरून माणूस आणावा लागेल." बाहेरचा माणूस नको, हे माझं पक्कं होतं. आमच्या शाळेत भिंतीचा रंग बदलला तरी मला दोन दिवस जेवण जात नाही.

पण खरी गोम वेगळीच होती. मला माझा वर्ग सोडायचा नव्हता. आमच्याकडे हेड झालेल्या माणसाने आजवर खडू हातात धरलेला नाही. कारभारातून डोकं वर काढायला फुरसत मिळेल तेव्हा ना. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं, रविवारचा कोर्स करायचा. घरबसल्या संगणकासमोर बसायचं, वर्षाच्या शेवटी परीक्षा द्यायची, पदवी टपालाने घरी. वर्गाचा एक दिवसही बुडणार नाही. पुढचं पुढे बघू.

दुसरा कोर्स होता विद्यापीठाचा. पूर्णवेळ, दोन वर्षं, हॉस्टेलवर राहून. या वयात हॉस्टेल! तरी माहिती घ्यायला काय जातंय म्हणून त्यांच्या सभेला गेले. हॉल शिक्षकांनी भरलेला, आणि शिक्षकांइतका गोंगाट दुसरं कुणी करत नाही. पुढे प्राध्यापक बिचारे माइक ठोकत उभे. माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "हाताची घडी, तोंडावर बोट." आणि सांगते काय, अख्ख्या हॉलने हाताची घडी घातली. पुढच्या रांगेतल्या एका टक्कल पडलेल्या सरांनी तर बोटही ठेवलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण सभा झकास सुरू झाली.

शेवटी मी माझा प्रश्न विचारला, "हेड झाल्यावर वर्ग घ्यायचा की नाही?"

"घ्यायलाच हवा," प्राध्यापक म्हणाले. "पण ज्याला काम वाटून देता येत नाही, त्याला तो तास कधीच मिळत नाही. आमचं पहिलं वर्ष जवळजवळ तेवढ्यातच जातं. एका चालत्या शाळेत, तिथल्या हेडच्या शेजारी बसून शिकायचं."

मी मनात म्हटलं, भले. काम वाटायला शिकायचं म्हणून वर्षभर घर सोडायचं?

परतीच्या वाटेवर मला माझी दुसरी आठवत राहिली. तेव्हा आम्हाला गाणाऱ्या बाई होत्या, पाढेसुद्धा चालीवर म्हणून घ्यायच्या. वर्गाला ओल्या पाट्यांचा वास यायचा. दाराबाहेर वऱ्हांड्यात मोठ्या बाईंचं टेबल. हेडची खोली चांगली ऐसपैस होती, पण तिच्यात आजारी मुलांची खाट आणि तुटके बाक. हेड मात्र वऱ्हांड्यात, वाऱ्याने उडणाऱ्या कागदांवर डस्टर ठेवून बसलेली. गाणाऱ्या बाई गोष्ट सांगायला लागल्या की बाहेर तिचं पेन थांबायचं. आम्ही खिडकीतून ते बघायचो आणि गप्प व्हायचो. वाटायचं, आपल्या चुका मोजतेय. घरी जी मला केस विंचरून द्यायची, तीच शाळेत 'बाई' झाली की माझी पाचावर धारण बसायची. किती सुंदर दिवस होते ते. आता त्या वासाचं काहीच उरलेलं नाही, पाट्याच गेल्या.

घरी आत्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी शेजारी बसकण मारली आणि हॉलमधली फजिती रंगवून सांगितली. ती पोट धरून हसली. मग मी त्या प्राध्यापकांची नक्कल केली.

"म्हणे काम वाटून द्यायला शिकवतात. त्यात शिकायचं काय डोंबल? ज्याचं त्याला सांगायचं, झालं. तू कुठे शिकली होतीस? तुझं काय अडलं?"

आत्या या वेळी हसली नाही.

"वर्ग अडला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी वऱ्हांड्यात का बसायचे, सांग बघू."

"आमच्यावर डोळा ठेवायला. सगळ्या गावाला माहितीये."

"डोळा कसला, कान." तिने शेंग हातातच धरून ठेवली. "हेड व्हायच्या आधी दुसरी माझी होती. वाटलं होतं, रोज एक तास तरी घेईन. पहिल्याच आठवड्यात नळ फुटला. मग दोन पालक भांडत आले. मग पगाराचे कागद. सगळं मीच करायचे. कुणावर काय सोपवायचं ते कळायचं नाही, आणि सोपवलंच तर माझा जीव वरखाली. तास राहिला तो राहिलाच. मग म्हटलं, निदान ऐकू तरी येऊ दे. टेबल उचलून तिथे नेलं."

"मग आत का नाही आलीस कधी? गाणाऱ्या बाई नसल्या की शिपाईमामांना पाठवायचीस आमच्यावर."

"एकदा गेले होते. तुमच्या आधीची मुलं. गोष्ट सांगायला घेतली आणि मध्येच बाहेरून बोलावणं आलं. म्हटलं, उरलेली उद्या सांगते. तो उद्या काही आला नाही. ती मुलं रोज माझ्या टेबलाशी येऊन विचारायची, बाई, आज? मग हळूहळू विचारायची थांबली. नंतर माझी आत जायची हिंमतच झाली नाही."

मला तिचा रागच आला. एका छपराखाली राहून इतकी वर्षं हिने हे पोटात ठेवलं, आणि आम्ही येडे तिला घाबरत बसलो. रागाच्या मागोमाग रडू आलं ते वेगळंच.

"तू रविवारचा कोर्स कर," आत्या म्हणाली. "खुर्ची मिळेल तुला. फक्त टेबल कुठे मांडशील ते आत्ताच बघून ठेव."

असं बोलायचं असतं का एखाद्याला? मी तावातावाने उठून गेले. पण ते वाक्य काही पाठ सोडेना. आठवड्याच्या आत मी विद्यापीठाच्या कोर्सला नाव घातलं आणि दोन वर्षांची रजा मागितली. नवरा म्हणाला, "दोन वर्षं चहा माझा मला करावा लागणार तर." वर्गाला सांगितलं तेव्हा मात्र मी उगाच फळा पुसत राहिले. मी परत येईन तेव्हा ही मुलं चौथीत असतील, ती काही माझी असणार नाहीत. एकीने विचारलं, "आम्ही काही केलं का?" मी तिला जवळ घेतलं आणि नाही म्हणाले.

माझ्या जागी नव्या बाई आल्या. हुशार आहेत, पण त्यांच्यावर एकदम दोन वर्ग टाकलेत, त्यामुळे गोष्टीच्या तासाला कुणीच नव्हतं. मी हेडसरांना विचारून आले आणि आत्याला म्हणाले, "तो तास तू घे."

"वेड लागलंय का? मला उभं राहवत नाही."

"बसून घे."

"आवाज पोचायचा नाही आता."

"सगळी जवळ येऊन बसतील. मध्ये कुणी बोलवायला येणार नाही. मी सगळ्यांना बजावून आलेय."

ती भिंतीला धरून उठली, कपाट उघडलं आणि चांगले कपडे एकेक करून पलंगावर काढायला लागली. माझ्याकडे पाठ होती तिची.

"काय गं," तिने विचारलं, "दुसरीतली मुलं केवढी असतात आता?"

मी तिच्यासमोर जाऊन माझ्या कमरेशी हात धरून दाखवला. तिने तिथे, हवेतच, हात ठेवला आणि तो काही केल्या उचलेना.