बॅटरीतलं पाणी

माणिकराव शिडीवरून खाली उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. फाल्गुनातलं ऊन पत्र्यावर पाय ठरू देत नव्हतं. सरकारी योजनेतल्या सोलर दिव्यांची दुरुस्ती करत जिंतूर तालुक्यातली गावं पालथी घालायची, हेच गेली चार वर्षं त्यांचं काम. या गावच्या बौद्ध वस्तीतल्या अभ्यासिकेचा दिवा तीन आठवड्यांपासून बंद होता.

"प्लेट मेली का काय?" भिंतीला टेकून बसलेल्या शेजारच्या दगडाबाईंनी विचारलं.

"प्लेट ठणठणीत आहे. वीस व्होल्ट देतीय."

"मग दुखणं पोटात हाय म्हणा."

केशरबाई हसल्या नाहीत. त्या दारात उभ्या होत्या, खोलीची किल्ली पदराच्या टोकाला बांधलेली. ही अभ्यासिका त्यांच्या मुलानं, सूर्यभाननं काढलेली. पंचायत समितीत खेटे घालून हा संच त्यानंच आणला होता. दीड वर्षापूर्वी, पंधरा दिवसांच्या तापात, बाविसाव्या वर्षी तो गेला. तेव्हापासून खोली झाडायची, प्लेट पुसायची, दिवस मावळला की बटण दाबायचं, हे सगळं केशरबाई करत होत्या.

"तीन पोरी दहावीला हायत साहेब," त्या म्हणाल्या. "चिमणीवर वाचायल्यात. खोलीला कुलूप लागलं तर पुन्हा कुणी उघडायचं न्हाई. म्हणून म्हणते, काय बी करा, पण दिवा लागू द्या."

माणिकराव नेहमीच्या क्रमानं पुढे गेले. वायरीचे जोड घट्ट होते. फ्यूज शाबूत होता. चार्जिंगच्या डब्यातला दिवा बॅटरी जोडताच पेटला आणि मिनिटभरात विझला. त्यांनी मीटर लावला. काटा सरसर पंधराकडे चढला, म्हणून बॅटरी भरली असं समजून डबा प्लेटकडून येणारा करंट तोडत होता. नळीचा दिवा लावून पाहिला, तर तोच काटा क्षणात दहाच्या खाली आला. डबा तिला भरलेली समजत होता आणि ती रिकामी होती.

त्यांनी बॅटरीची सहा बुचं एकेक करून काढली. बहुतेक गावांत बॅटऱ्या कोरड्या ठाक पडलेल्या असत, वर कोळ्यांची जाळी. इथं सहाही घरांत पाणी रेघेला बरोबर टेकलेलं होतं. टोकांना व्हॅसलीन लावलेलं होतं. एवढी जपलेली बॅटरी त्यांनी चार वर्षांत पाहिली नव्हती.

काचेच्या नळीत त्यांनी पाणी ओढून घेतलं. ते गढूळ होतं, आणि आतला तरंगणारा काटा तळाला जाऊन बसला, म्हणजे आम्लात जोर उरला नव्हता.

"पाणी कोण घालतं?"

"मी. दर पुनवंला, वंदना झाली की." केशरबाई पुढे आल्या. "दवाखान्यात त्यानं सांगितलं होतं, आई, बॅटरीचं पाणी खाली जाऊ देऊ नको. बोलायचा दम न्हवता, तरी तेवढं दोनदा बोलला."

"कोणतं पाणी?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. कोनाड्यात एक पांढरा प्लास्टिकचा डबा होता, रिकामा, धुऊन पालथा घातलेला. शेजारी पितळी तांब्या, तोंडाला दुहेरी फडकं बांधलेला.

"त्या डब्यातलं होतं तवर ते घातलं. सरल्यावर विहिरीचं. वरच्या आळीच्या."

"आमी हातपंपाचं पितो," दगडाबाई म्हणाल्या, "हिची बॅटरी तेवढी वरच्या विहिरीचं पिती. तांब्याभर पाण्यासाठी एवढं अंतर. सुनेचं कौतुक असं कुणी करीना."

"गप ग," केशरबाई म्हणाल्या. मग माणिकरावांकडे न बघता, "त्या विहिरीवर आमाला जाऊ देत न्हवते. चार वर्षं ह्याच्या बापानं तहसीलला चकरा मारल्या. उघडी झाली त्या दिशी पहिली घागर सूर्यभाननं वढली. तेरा वर्षांचा होता. त्याच्या दिव्याला हातपंपाचं कसं घालावं?"

माणिकरावांनी नळी फडक्यावर ठेवली. त्यांच्या स्वतःच्या गावच्या विहिरीवर त्यांची आई वरून पाणी ओतायची, आणि खाली अशाच वस्तीतल्या बायका घागरी धरून ताटकळायच्या. तेव्हा ते आईजवळच खेळत असत. पुष्कळ वर्षांत ते त्यांना आठवलं नव्हतं.

दुरुस्तीच्या कागदावर 'आयुष्य संपले' एवढं लिहिलं की काम भागणार होतं. आठवड्याभरात नवी बॅटरी आली असती, पोरींची परीक्षा निभावली असती. आणि पुढच्या पुनवेला केशरबाई तांब्या घेऊन त्याच विहिरीवर गेल्या असत्या.

"मावशी," ते म्हणाले, "तुमच्या पाणी तापवायच्या हंड्याला आतून पांढरं पुट धरतं?"

"धरतं की. चिंच लावून घासावं लागतं."

"पाणी वाफ होऊन जातं, खार मागं राहतो. बॅटरीतलं पाणीही असंच उडतं. विहिरीच्या पाण्यातला खार आत साठत गेला. हिला फक्त त्या पांढऱ्या डब्यातलं पाणी चालतं. त्यात खार नसतो. जिंतूरला बॅटरीच्या दुकानात मिळतं."

केशरबाईंनी सहा बुचांकडे पाहिलं.

"म्हंजी मीच मारली."

"पाणी घातलं नसतं तर ती केव्हाच कोरडी पडून गेली असती."

"पण ह्या पाण्यानं मेली."

"हो," माणिकराव म्हणाले.

"कोणतं ते सांगायचं ऱ्हायलं त्याचं." त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. "मला बी इचारायचं सुचलं न्हाई. त्याचा घसा सुकला होता, मी चमच्यानं पाणी पाजायलते."

माणिकरावांनी वायरी सोडवल्या. मग कोनाड्यातला डबा सुलटा करून त्यावर तांबड्या रंगाची जाड रेघ ओढली.

"नवी बॅटरी गुरुवारी आणतो. डबाही भरून आणतो. ही खूण बघूनच घाला."

केशरबाईंनी मान हलवली. मग विचारलं, "पियाला तर चांगलं हाय ना ते पाणी?"

"प्यायला चांगलं आहे, मावशी."

जुनी बॅटरी जिंतूरला परत न्यायची होती. माणिकराव उचलायला वाकले, तर केशरबाईंनी हातानं थांबवलं. त्या खाली बसल्या. सहाही बुचं त्यांनी एकामागून एक लावली, दाबून पाहिली, आणि पुनवेला पुसत तशी बॅटरी चारी बाजूंनी पदरानं पुसून काढली.

"न्या आता," त्या म्हणाल्या.