पप्पांनी ठिकाण पाहिलं

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सकाळी निकुंज पारेखचा पतंग लागोपाठ तीनदा कापला गेला, तेव्हाच आमच्या अख्ख्या गल्लीला कळलं की या माणसाचं काहीतरी बिनसलंय. अहो, निकुंजचा पतंग! अहमदाबादेतल्या या आमच्या गल्लीत, टोपीवाळानी पोळमध्ये, ज्याचा पतंग चढला की आजूबाजूचे मुकाट्याने आपापले उतरवून घेतात, तो निकुंज! महिनाभर आधी कारागिराच्या डोक्यावर उभं राहून, काच आणखी बारीक वाट, आणखी लाव, असं करत मांजा बनवून घेणारा. आणि आज त्याला शेंबडी पोरं कापत होती आणि वर पिपाण्या वाजवत होती.

शेजारच्या गच्चीवरून चिनूकाका ओरडले, "अल्या निकुंज, पतंग वर असतो वर! खिशात काय शोधतोयस?"

खिशात फोन होता. सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

झालं होतं असं. निकुंजची एकुलती एक मुलगी हेली, अकरावीत शिकणारी. दिवाळीनंतर एका दुपारी ती सोफ्यावर गाढ झोपली होती आणि उशाशी तिचा फोन. त्यावर कुणा मौलिकचा निरोप चमकला : 'तुझ्या पप्पांना कळलं तर?' पप्पा नेमके तिथेच चहा पीत बसलेले. त्यांच्या काळजाचं पाणी झालं. फोन उघडायचा तिच्या अंगठ्याने. तेव्हा या शहाण्याने काय करावं? झोपलेल्या पोरीचा अंगठा हळूच उचलला आणि फोनवर टेकवला. फोन उघडला, आणि त्याबरोबर हेलीचे डोळेही उघडले.

ती रडली नाही की ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "पप्पा, माझा हात सोडा."

त्यानंतर ती बापाशी 'हो', 'नाही' आणि 'जेवण झालं' यापलीकडे बोलली नाही. घरात हसत-खिदळत फिरणारी पोर, बाप खोलीत आला की उठून जायची. निकुंज मनातून पार खचला. पण मेल्याची खोड काही जाईना! आई-बाप-लेक तिघांच्या फोनमध्ये एकमेकांचं ठिकाण दाखवणारी ती सोय होती ना, त्यात तो दिवसातून दहादा हेलीचा ठिपका बघायचा. आणि बघितलं की तिच्या फोनवर टिंग व्हायचं : 'पप्पांनी ठिकाण पाहिलं.' वर्गात टिंग, बसमध्ये टिंग, मैत्रिणीच्या वाढदिवसाला टिंग. मैत्रिणी तर तिला टिंगटिंगच म्हणायला लागल्या होत्या.

शेवटी उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी हेली आपणहून बापासमोर येऊन उभी राहिली.

"उद्या मी सकाळीच बाहेर जाणार आहे. मम्मीला माहितेय कुठे. तुम्ही उद्या दिवेलागणीपर्यंत एकदाही माझं ठिकाण बघायचं नाही. नाही बघितलंत, तर संध्याकाळी घरी येऊन मी सगळं सांगेन. कुठे होते, मौलिक कोण, सगळं. आणि यापुढे विचाराल ते सांगेन. पण बघितलंत, तर मग खुशाल ठिपकाच बघत बसा. मला मात्र काही विचारायचं नाही. कधीच."

"हात्तिच्या! एक दिवस?" निकुंज म्हणाला. "मान्य!"

त्याची बायको बिजल तिथेच मेथीचे मुठिये वळत बसली होती. ती म्हणाली, "फोन माझ्याकडे देऊन ठेवा, म्हणजे झंझट नको."

"मुळीच नाही. खिशात असून बघितला नाही, तरच खरं!" असा हा बाणा. आता भोगा.

सकाळी हेली गळ्याला जाड स्कार्फ गुंडाळून, चार्मी नावाच्या मैत्रिणीच्या मागे स्कूटरवर बसून गेली. दरवर्षी ती बापाच्या मांज्याची फिरकी धरायची. लहान होती तेव्हा स्टुलावर उभी राहून धरायची. यंदा फिरकी बिजलच्या हातात होती, आणि बिजलचं निम्मं लक्ष खालच्या चुलीवरच्या उंधियोकडे.

दहाच्या सुमारास निकुंजला पहिली अक्कल सुचली.

"अगं, तुझा फोन जरा दे ना. फोटो काढतो."

"फोटो तुमच्या फोनवर काढा. माझ्या फोनवरून तिला बघायचा विचार असेल तर सोडून द्या. तुम्हाला काय मी आज ओळखते?"

कठड्याला टेकून ऊन खात बसलेल्या निकुंजच्या आई, बा, फसकन हसल्या. "आमच्या वेळी बाप विचारायचे आणि आम्ही खोटं सांगायचो. सगळे कसे सुखात होते!"

दुसरी अक्कल सुचली अकराला. त्याने चार्मीच्या आईला फोन लावला. "जयश्रीबेन, उत्तरायणाच्या शुभेच्छा! उंधियो झाला का? आणि मुली काय म्हणतायत तुमच्या गच्चीवर?"

"आमच्या गच्चीवर? छे हो! दोघी सकाळीच गेल्या. चार्मी म्हणाली, मौलिकभाईंनी लवकर बोलावलंय."

मौलिकभाईंनी! लवकर! झालं, निकुंजच्या हातून मांजा सुटता सुटता राहिला. बिजलकडे वळून तो म्हणाला, "तुला माहितेय ना कुठे आहे ती? सांग की मग! सांगितलं म्हणजे बघितलं नाही!"

"मी तिला शब्द दिलाय," बिजल म्हणाली. "तुम्हीही दिलाय. माझा मी पाळतेय."

पलीकडून चिनूकाकांनी कान टवकारलेच होते. "अल्या, बघून टाक! बाप आहेस की शेजारी?"

"काका, तुम्ही पतंग सांभाळा!" निकुंज खेकसला, आणि त्या रागात त्याने असा काही झटका दिला की चिनूकाकांचा लाल पतंग दोरीसकट हवेत झिंगत गेला.

"कापलाऽऽऽ! लपेट! लपेट!"

आणि मग काय विचारता! राग आला की माणसाचं लक्ष ठिकाणावर येतं म्हणतात ते उगीच नाही. दुपारी वारा असा सुटला की वा रे वा! निकुंजने हिरवा कापला, चांदवाला कापला, नदीकडून आलेला तो मस्तवाल काळा कापला. ढील देतोय, देतोय, आणि खर्रकन खेचतोय. गच्च्यांवर कर्णे, थाळ्या, शिट्ट्या, गाण्यांचा नुसता कल्लोळ. बांनी चिक्कीचा तुकडा तोंडात धरून टाळ्या पिटल्या. बिजलच्या हातात फिरकी गरगर फिरत होती. बोटांच्या पट्ट्या फाटून रक्त आलं तरी निकुंजला पत्ता नव्हता. दिवस कलायला लागला. आणखी थोडाच वेळ! जिंकलो! संध्याकाळी पोर येईल, समोर बसेल आणि बोलेल. त्या नुसत्या विचारानेच त्याला गुदगुल्या होत होत्या.

आणि तेवढ्यात चिनूकाकांच्या सुनेने किंकाळी फोडली.

"अगंबाई! पुलावर बघा काय झालं! गल्लीच्या ग्रुपवर आलंय!"

पुलावरून स्कूटरवर चाललेल्या दोन मुलींच्या गळ्यात मांजा अडकला, एकीला फार लागलंय, दवाखान्यात नेलंय, नावं कळली नाहीत. एवढंच. दोन मुली. स्कूटर. बिजलच्या हातातली फिरकी खाली पडली.

"पुलावरूनच परतायचं होतं त्यांना," ती म्हणाली.

"बघ! आता तरी बघ!" चिनूकाका कठड्यावरून अर्धे आत वाकले होते. "शपथ-बिपथ गेली खड्ड्यात!"

निकुंजने फोन काढला. डाव्या हाताच्या बोटात ताणलेला मांजा, वर पतंग तसाच. अंगठा त्या ठिपक्याच्या चित्रावर गेला. आणि थांबला. अरे, आपण महिनोन्‌महिने ठिपका बघतोय. पोरीला फोन का नाही लावत? साधा फोन! दोन घंटा वाजतील, ती उचलेल, संपलं! एवढी साधी गोष्ट कधी सुचलीच नव्हती.

त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. बिजलने चार्मीचा नंबर फिरवला, तोही कुणी उचलेना. बा रामनाम घ्यायला लागल्या.

निकुंजने आणखी एकदा लावला. मग तो बिजलकडे बघून म्हणाला, "मी बघतोय. ती माझ्याशी जन्मात बोलली नाही तरी चालेल. ती असू दे म्हणजे झालं."

आणि त्याने बघितलं.

ठिपका पुलावर नव्हता. दवाखान्यातही नव्हता. पार नदीपलीकडे, पालडीतल्या कुठल्याशा शाळेच्या मैदानात तो मजेत बसला होता. निकुंजच्या जिवात जीव आला. आणि गंमत बघा माणसाची, जीव आल्याबरोबर संशयही आला. आज शाळा बंद. मग मैदानात काय करतेय? त्या मौलिकबरोबर?

फोन वाजला. हेली.

"पप्पा! काय झालं? बा बऱ्या आहेत ना?"

"तू... तू बरी आहेस?"

"मला काय धाड भरलीय! हातात घुबड होतं, फोन कसा उचलणार?"

निकुंजने मनात हजार उत्तरांची तयारी ठेवली होती. घुबडाची नव्हती.

"घुबड?"

"मांज्याने पंख कापला होता. मी धरलं होतं आणि मौलिकभाई टाके घालत होते. पाखरांचं शिबिर आहे इथे. सकाळपासून श्वास घ्यायला फुरसत नाही."

"म्हणजे मौलिक..."

"डॉक्टर आहेत. टक्कल आहे. दोन मुलं आहेत त्यांना." मग तिने विचारलं, "तुम्ही बघितलंत ना? आत्ता निरोप दिसला."

निकुंजच्या तोंडाशी पुलाची बातमी आली होती, चिनूकाका आले होते, सगळं आलं होतं. ते सगळं त्याने गिळलं. "हो," तो म्हणाला. "बघितलं. हरलो मी."

 पलीकडे कुणीतरी कापूस मागत होतं.

"तीन फोन दिसतायत तुमचे," हेली म्हणाली. "आधी फोन केलात. मग बघितलंत. असं पहिल्यांदाच केलंत, पप्पा. इथे सगळ्या मला चिडवत होत्या, टिंगटिंगचे पप्पा नऊलाच बघणार म्हणून. मी दिवसभर फोनकडे कान लावून होते, टिंग वाजू नये म्हणून."

"मग हे आधी का नाही सांगितलंस गं, वेडाबाई? पाखरांचंच होतं तर लपवायचं कशाला? एवढी काय मोठी चोरी?"

"तुम्हाला सांगू? तुम्हाला?" आता ती भडकली. "गेल्या वर्षी आपल्या गच्चीत बगळा येऊन पडला होता. गळ्यात मांजा होता. मी फिरकी टाकून धावले, आणि तुम्ही ओरडलात, 'बाजूला सरकव त्याला, पेच चालू आहे!' माझ्या हातात मेला तो. तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत. म्हणून आम्ही सगळे ठरवत होतो, तुम्हाला कळलं तर काय."

निकुंजला तो बगळा आठवेना. पेच आठवला. निळा पतंग होता, मोठा झकास पेच झाला होता. पण बगळा काही केल्या आठवेना, आणि त्याला स्वतःचीच अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. पोरीच्या फोनमध्ये एवढे दिवस तो काय काय शोधत होता, आणि ही गोष्ट त्याच्या डोळ्यांदेखत घडून गेली होती.

"हेली," तो म्हणाला, "मी येऊ का तिकडे?"

"कशाला?"

"काहीही. शिडी धरीन. तुम्हाला माणसं लागत असतीलच की."

"...लागतात. झाडांवरून उतरवायला उंच माणूस नाहीये. पण पप्पा, आत्ता? हा तर तुमचा वारा आहे."

"आलोच!"

फोन ठेवला. बिजल रडत होती आणि हसतही होती. चिनूकाका विचारत होते, "अल्या, मुलगा कोण निघाला? आपल्या जातीचा आहे ना?" निकुंजने वर बघितलं. पतंग अजून वर होता, लांब, नदीच्या बाजूला. दोरी तोडून मोकळं व्हावं आणि जिने उतरावे, इतका सोपा मामला. त्याचा हात तोडायला गेला आणि थबकला. तोडलेली दोरी जाऊन पडणार कुठे? कुठल्यातरी झाडावरच.

"बिजल, फिरकी धर. सगळं गुंडाळायचंय."

"अरे, निकुंज पतंग उतरवतोय! भर वाऱ्यात!" गल्लीत बोंब उठली. थाळ्या बडवल्या गेल्या, पळपुटा, भित्रा, काय काय ऐकावं लागलं. शेजारच्या दोघांच्या पतंगांनी त्याच्या परतणाऱ्या पतंगावर झडप घातली. तो वाकडातिकडा नेत, चुकवत, हातावर हात टाकून ओढत राहिला. उभ्या आयुष्यात त्याने पतंग असा जिवापाड जपून आणला नव्हता. घामाने सदरा भिजला आणि अजून निम्मी दोरी आकाशातच होती.

फोन वाजला. बिजलने तो त्याच्या कानाला लावला.

"पप्पा, एक पोपट अडकलाय वर. कुठवर आलात?"

असल्या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असतं. माणूस आंघोळीला बसलेला असला तरी म्हणतो, निघालो, रिक्षातच आहे. निकुंजच्याही जिभेवर तेच आलं होतं.

"बघ की तुझ्या फोनवर," तो म्हणाला.

"मी नाही बघणार. तुम्ही सांगा."

निकुंजने दोन्ही हातांनी दोरी ओढता ओढता एक मोठा श्वास घेतला.

"अजून गच्चीवरच आहे गं," तो म्हणाला. "दोरी गुंडाळतोय. थोडा वेळ लागेल."

"बरं," हेली म्हणाली. "थांबते मी."